उद्यमनगरचं लोखंड, सुभाषनगरचं कातडं

कोल्हापुरातल्या भंगारात काय सापडतं ते नीट पाहिलं, तर हे शहर काय करून पोट भरतं ते कळतं. शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतल्या ढिगात लेथवरून निघालेले लोखंडाचे कुरळे छिलके असतात, बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा बुरा असतो, दात तुटलेले गिअर, आवाज करू लागलेली बेअरिंगं आणि तपासणीत नापास झालेली कास्टिंगं असतात. सुभाषनगर, जवाहरनगरच्या बाजूला चपलेचे तळ कापून उरलेले कातड्याचे कोपरे असतात. चौकाचौकांतून उतरवलेले वाढदिवसाचे डिजिटल फलक असतात. पेठेतला एखादा वाडा पाडला की सागवानी चौकटी आणि तुळया येतात. पंचगंगेला पूर येऊन गेला, की पुढचे काही महिने फुगलेलं प्लायवूड आणि चिखल भरलेल्या विजेच्या मोटारी येत राहतात. मुंबईचा ढीग असा नसतो, पुण्याचाही नसतो.

टाकून दिलेल्या वस्तूंतून कलाकृती करणाऱ्यांबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करावीशी वाटते. या वाटेवरचं बरंचसं काम कुठल्याही शहरात झालं असतं असं दिसतं. सायकलच्या साखळीचा साप, स्पार्क प्लगची मुंगी, चमच्यांचं फूल. करणाऱ्याचा हात वाईट असतो असं मुळीच नाही. पण आकार आधी ठरलेला असतो आणि ढिगाकडे फक्त भराव म्हणून पाहिलेलं असतं.

ज्यांनी या प्रकाराला मान मिळवून दिला, त्यांचं काम ढिगापासून सुरू झालेलं आहे. नेकचंद चंडीगडला रस्ते निरीक्षक होते. नवं शहर उभारताना जी जुनी गावं पाडली गेली त्यांतला राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, सिरॅमिकच्या भांड्यांच्या ठिकऱ्या त्यांनी १९५७ पासून गुपचूप जमवल्या आणि सिमेंटात बसवून त्यांची माणसं नि प्राणी केले. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. ज्या शहराने ते सामान टाकलं त्याच शहराच्या कडेला ते आज उभं आहे. नायजेरियातल्या न्सुक्का इथे अनेक दशकं काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनिअमची टोपणं चपटी करून, मुडपून तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधतात. भिंतभर पसरणारा तो पडदा दर वेळी वेगळ्या घड्या घालून टांगता येतो. दारू हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या युरोपीय व्यापाराचा माल होता, म्हणून ती टोपणं तिथलीच आहेत. उलट दिल्लीत २०१९ मध्ये सराय काले खाँजवळ सुमारे १५० टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. जोडकाम पाहण्यासारखं आहे. तरीही आयफेल टॉवर होऊन बसलेल्या त्या लोखंडाला दिल्लीबद्दल काही सांगता येत नाही, असं मला वाटतं.

कोल्हापूरकडे या कामासाठी लागणारं ज्ञान हाताशी आहे, आणि ते कलाशाळांइतकंच कारखान्यांत आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला आणि १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट पडद्यावर आला. चित्रकार, शिल्पकार आणि यंत्र समजणारा माणूस एकाच देहात असणं इथे विशेष मानलं गेलं नाही. इथला इंजिनिअरिंगचा धंदाही ऑईल इंजिनांच्या दुरुस्तीतून वाढला. आणि केरातून मोल काढण्याची कला तर गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, पिढ्यान्‌पिढ्या आहे. सराफांच्या दुकानासमोरची माती विकत घेऊन, चाळून, धुऊन तिच्यातले सोन्याचांदीचे कण काढणारे झारेकरी हे वर्गीकरणाचे खरे उस्ताद. भंगारातून शिल्प करणाऱ्याने पहिली विद्या त्यांच्याकडून घ्यावी. आधी चाळायचं, मग ठरवायचं.

लोखंड चाळायला चार साधनं पुरतात: चुंबक, हातोडी, कानस आणि ग्राइंडर. चुंबक चिकटलं नाही तर वस्तू ॲल्युमिनिअम, पितळ, तांबं किंवा बहुतेक जातींचं स्टेनलेस. चिकटलं तर हातोडीने टोला द्यायचा. स्टील खणखणतं, बीड बद्द वाजतं. मग ग्राइंडरला कड टेकवून ठिणगी पाहायची. साध्या लोखंडाची, म्हणजे माइल्ड स्टीलची ठिणगी लांब, पिवळसर आणि फार न फुटणारी. कार्बन जास्त असलेल्या स्टीलची ठिणगी झुडपासारखी फुटते. बिडाची ठिणगी आखूड आणि तांबूस, लवकर विझणारी. कानस घसरली, धातूला लागलीच नाही, तर तो कडक केलेला भाग आहे असं समजावं. उद्यमनगरातला कुठलाही जुना फिटर हे सगळं आवाज आणि रंगावरून सांगतो. त्याच्या शेजारी एक दुपार उभं राहणं हे पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा फार मोलाचं आहे.

हे वर्गीकरण कशासाठी, तर प्रत्येक जात वेल्डिंगला वेगळी वागते. साध्या लोखंडाला ई ६०१३ हा वेल्डिंगचा नेहमीचा रॉड चालतो. अडीच मिलिमीटरचा रॉड ७० ते ९० अँपिअरवर, ३.१५ चा १०० ते १२० वर. बेअरिंगची रिंग आणि गोळ्या क्रोमिअम असलेल्या, कडक केलेल्या स्टीलच्या असतात. वेल्ड केल्यावर शेजारचा भाग झटकन थंड होऊन आणखी ठिसूळ होतो आणि त्या दिवशी नाही तर आठवड्याने तिथे केसासारखी चीर पडते. टेम्पोच्या पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचंही तेच. पाटा वेल्ड करायचाच असेल तर आधी सुमारे २५० अंशांपर्यंत गरम करावा, लो हायड्रोजन रॉड वापरावा आणि नंतर चुन्यात किंवा राखेत झाकून हळूहळू गार होऊ द्यावा. बेअरिंगसाठी मात्र मी म्हणेन, वेल्डिंग विसरा. ६२०३ नंबरच्या बेअरिंगचं आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. त्या मापाचा शाफ्ट आणि घर लेथवर करून घेतलं तर बेअरिंग ज्या कामासाठी जन्मलं तेच काम शिल्पात करतं. खांदा खरोखर फिरतो, मान वळते. बेअरिंगचे डोळे पुष्कळ झाले. ते सांध्यात बसलेलं पाहायला मिळतं तेव्हा शिल्पकाराला यंत्राबद्दल आदर आहे हे लगेच दिसतं.

बीड हा तर कोल्हापूरचा खास माल. त्यात साधारण तीन ते चार टक्के कार्बन असतो, म्हणून ते साच्यात छान वाहतं, आणि म्हणूनच ताण बसला की न वाकता तुटतं. साध्या रॉडने बीड जोडलं तर टाका दिसायला बसतो, पण गार होताना त्याच्या बाजूने ‘टिक’ असा आवाज येऊन सांधा सुटतो. निकेलचा रॉड घेऊन, तुकडा गरम करून, एका वेळी फक्त इंचभर टाका मारून, गरम असतानाच त्यावर हलकी हातोडी फिरवून, मग कोरड्या वाळूत पुरून ठेवलं तर सांधा टिकतो. निकेलचा रॉड महाग पडतो. त्यापेक्षा ड्रिल मारून १० मिलिमीटरचा बोल्ट घालणं स्वस्त, पक्कं आणि दिसायलाही प्रामाणिक. बीड ड्रिलला छान कापलं जातं. एवढंच की भोक कडेपासून निदान बोल्टच्या दीडपट अंतर सोडून मारावं, नाहीतर कड उडते.

काही वस्तू ढिगातून उचलूच नयेत. शॉक ॲब्सॉर्बर बंद असतो, आत तेल आणि दाबाखालचा वायू असतो. त्याला ज्योत लावली की तो फुटतो. तेलाचा, थिनरचा रिकामा पिंप रिकामा नसतोच, त्यात वाफ असते. फ्रिजचा कॉम्प्रेसर, गाडीची बॅटरी, गॅसची टाकी यांना हात लावू नये. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून त्यांना ग्राइंडर नको. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केलं की जस्त उकळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. धूळ-धुराच्या कामानंतर गूळ खाल्ला किंवा दूध प्यायलं की बाधत नाही, अशी समजूत कारखान्यांत पक्की आहे. गूळ इथला चांगलाच असतो, पण फुप्फुसात गेलेल्या धुरावर त्याचा उपयोग नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच जस्त ग्राइंडरने मास्क लावून काढावं, धुरासाठी योग्य मास्क वापरावा आणि काम उघड्यावर करावं.

आणि गटाराची झाकणं, रस्त्याकडेची जाळी, वीज मंडळाची तार ढिगात दिसली तर ती घेऊ नयेत. बिल मागावं. चोरीच्या मालाचं शिल्प चौकात उभं राहू नये, इतकं साधं आहे ते.

फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मागच्या खोलीत पडलेल्या लाकडी पॅटर्नबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या शहरात याहून सुंदर टाकाऊ वस्तू मला माहीत नाही. वाळूच्या साच्यात ज्या आकाराचा ठसा उमटवायचा तो आकार आधी लाकडात घडवतात, तो हा पॅटर्न. सागवान किंवा पाईन, दोन अर्ध्या भागांत, मध्ये जुळणीच्या खुंट्या. बीड गार होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न मीटरला सुमारे १० मिलिमीटर मोठा ठेवतात. वाळूतून सहज निघावा म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला एक-दोन अंशांचा उतार देतात. आतला कोपरा कुठेही तीक्ष्ण ठेवत नाहीत. कोअर, म्हणजे वस्तूतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, बसण्यासाठी टोकाला जास्तीचे खुंट ठेवतात. म्हणजे वस्तूच्या आकारात तिच्या जन्माची सगळी अडचण आधीच मिसळलेली असते. पंप बंद झाला, इंजिनाचं मॉडेल बदललं, ॲल्युमिनिअमचा किंवा रेझिनचा पॅटर्न आला, की हे लाकूड बंबात जातं.

पॅटर्न वापरणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली परवानगीची. पॅटर्न पुष्कळदा फौंड्रीचा नसतो, तो माल घेणाऱ्या कंपनीचा असतो, म्हणून मालकाला विचारल्याशिवाय नेऊ नये. दुसरी रंगाची. पॅटर्नवरचे लाल, पिवळे, काळे रंग शोभेचे नसतात. कुठला भाग तसाच राहणार, कुठला मशीनवर कापला जाणार, कोअर कुठे टेकणार, त्याच्या त्या खुणा असतात. त्या घासून टाकल्या की पॅटर्नमेकरची भाषाच पुसली जाते. शिवाय जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, त्यामुळे कोरडी सँडिंग टाळावी. ओलसर फडक्याने पुसून वरून मेणाचा पातळ हात द्यावा. अर्धे भाग खुंट्यांवरून सुटे करून भिंतीवर मांडले, तर प्रत्येक आकार आपल्या हरवलेल्या जोडीदाराची जागा दाखवत राहतो. त्यावर आणखी काही चिकटवण्याची गरज लागत नाही.

वापरून काळी पडलेली फौंड्रीची वाळूही कामाची आहे. त्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते. तीन-चार टक्के पाणी मिसळून मुठीत दाबली आणि मोडली, तर कड स्वच्छ तुटायला हवी. तशी झाली की त्यात गिअर, साखळी, चपलेचा तळ, काहीही दाबून ठसा घेता येतो. त्या ठशात एक लिटर पाण्याला सुमारे दीड किलो या प्रमाणात कालवलेलं प्लास्टर ओतलं की उठावाचं शिल्प मिळतं, वर वाळूची काळी साय धरलेलं. दाट प्लास्टर एकदम उंचावरून ओतलं तर वाळू उखडते. चमच्यावरून, कडेने ओतावं. ही वाळू कोरडी हाताळू नये. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. कोअरच्या वाळूत रेझिन असतं, तिला उग्र वास येतो. ती घरात आणूच नये.

कातड्याकडे वळताना लोखंड मागे सोडायचं नाही. ते इथे लागणार आहे. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तळ कापल्यावर उरलेल्या त्रिकोणी तुकड्यांना कसलंच मानांकन नाही. ते पोत्याने मिळतात. त्यांत क्रोमने कमावलेलं कातडं मिसळलेलं असतं, ते आधी वेगळं करावं. कापलेल्या कडेला निळसर करडी छटा दिसली तर ते क्रोमचं. सालीने कमावलेल्या कातड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते, आणि पाण्याचा थेंब टाकला की तो जिरून डाग गडद होतो. क्रोमचं कातडं ओलं करून आकार दिला तरी तो धरत नाही, आणि ते जाळलं तर विषारी धूर आणि राख होते.

सालीचं कातडं कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून बेअरिंगच्या रिंगवर, पाइपाच्या वळणावर ताणून बांधलं, सावलीत दोन दिवस वाळू दिलं, की तो आकार कायमचा होतो. घाई करून उकळतं पाणी वापरलं तर कातडं आक्रसून काळं, ठिसूळ होतं. उन्हात वाळवलं तर कडा वर उचलतात.

इथे लोखंडाचा संबंध येतो. ओलं, सालीने कमावलेलं कातडं लोखंडाला लागलं की काळा डाग पडतो. कातड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांचा तो संयोग. हिरडा आणि हिराकस यांची जी काळी शाई आपल्याकडे पोथ्यांसाठी करत, तीच ही क्रिया. नवखा माणूस याला डाग समजून वैतागतो. समजून घेतलं तर हा या शहराचा स्वतःचा रंग आहे. बिडाचा बुरा डिटर्जंटने धुऊन त्यावरचं कटिंग ऑइल काढून टाकावं. काचेच्या बरणीत मूठभर बुरा आणि तो बुडेल इतकं व्हिनेगर घालून झाकण सैल ठेवावं, कारण हायड्रोजन निघतो आणि घट्ट बंद केली तर बरणी फुटेल. ज्योत जवळ नको. आठवडाभराने फडक्यातून गाळलं की पातळ, मळकट पाणी मिळतं. ब्रशने ते कातड्यावर फिरवलं की पाहता पाहता करडं, मग काळंभोर होत जातं. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. नंतर खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने आम्ल मारावं, वाळवावं आणि तेलाचा हात द्यावा. ते राहिलं तर वर्षभरात कातड्याचा वरचा थर तडकू लागतो. उद्यमनगरच्या बुऱ्याने सुभाषनगरचं कातडं रंगवणं, हे मला नुसतं तंत्र वाटत नाही. एकाच गावातल्या दोन धंद्यांची ओळख करून दिल्यासारखं ते काम आहे. मात्र शिल्पात जिथे काळं नको तिथे कातडं आणि लोखंड यांच्यामध्ये मेणाचा किंवा रबरी वॉशरचा थर ठेवावा. जून ते सप्टेंबर कातड्याला बुरशी धरते. भिंतीपासून निदान एक सेंटिमीटर अंतर सोडून टांगलं, हवा खेळली, तर ती कमी होते.

डिजिटल फलकांचं काय करायचं हा इथल्या प्रत्येक चौकाचा प्रश्न आहे. दहा बाय वीस फुटांचा एक फलक म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. नेहमीचं २८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २८० ग्रॅमचं, फ्लेक्स धरलं तर पाच किलोहून थोडं जास्त प्लास्टिक. आत पॉलिएस्टरची जाळी आणि दोन्ही बाजूंना पीव्हीसी. त्यावर नेहमीचा पांढरा गोंद बसत नाही. ॲक्रिलिक रंग दिला तर पापुद्रे निघतात. दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून चटईसारखं विणणं हे सगळ्यांत पक्कं, कारण त्यात चिकटवायचं काही नाही. शिवायचंच असेल तर १८ नंबरची सुई आणि चार मिलिमीटरचा टाका घ्यावा. बारीक टाका घातला तर भोकांच्या ओळीवरून पट्टी फाटते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य उन्हात हळूहळू निघून जातं, आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग तडकतो. म्हणून हे काम उघड्यावर लावू नये. आणि कडा जाळून बंद करण्याचा मोह टाळावा, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. फलकावरचे चेहरे हा नाजूक भाग आहे. कुणाचा वाढदिवस, कुणाला श्रद्धांजली. पट्ट्या अशा कापाव्यात की चेहरा ओळखू येणार नाही, किंवा पांढरी मागची बाजू वर घ्यावी. रंगाचे ठिपके तसेही पुरेसे सुंदर असतात.

वाड्याचं सागवान आणि पुराचं प्लायवूड यांत निवड करायची तर सागवानच. प्लायचे थर एकदा सुटले की कुठल्याही गोंदाने ते पूर्ववत होत नाहीत. सागवानात खिळे आत तुटलेले असतात, करवतीच्या आधी चुंबक फिरवावं. पुरात भिजलेल्या मोटारीतलं तांबं भंगारवाला आधीच काढून घेतो. उरलेल्या पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचून घाट छान येतो, पण मधल्या फटीत गाळ राहिला तर गंज आतून धरतो.

आता जुळणी. मोठं काम असेल तर फरशीवर खडूने बाजूचं रेखाचित्र पूर्ण मापाचं काढावं आणि तुकडे त्यावर ठेवून पाहावेत. आतला सांगाडा आधी. माणसाच्या उंचीच्या प्राण्याला १२ मिलिमीटरची सळई पुरते, तिचं वजन मीटरला ०.८९ किलो. धडात २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप. क्रेनचा किंवा चेन ब्लॉकचा हूक कुठे अडकणार ते सांगाड्यावरच ठरवून कडी वेल्ड करावी, नाहीतर नेताना दोर कानाला किंवा शेपटीला बांधला जातो आणि तीच तुटते. वरचे तुकडे सुरुवातीला फक्त टॅक करावेत, म्हणजे ठिपक्याएवढ्या टाक्यांनी अडकवावेत. टॅक ग्राइंडरने काढता येतो, पूर्ण टाका काढताना आकार जातो. सगळं लागल्यावर चारी बाजूंनी फिरून, दुपारच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पाहून मगच पक्कं करावं. एका जागी सलग टाका ओढला तर पत्रा तापून वाकतो, म्हणून इकडून थोडा, तिकडून थोडा.

किती तुकडे लावायचे यावर माझं मत ठाम आहे: कमी. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल, एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं केलं. ढीग मोठा आहे म्हणून सगळा लावायचा नसतो. ज्या तुकड्याकडे बोट दाखवून ‘हा इथे का’ विचारलं तर उत्तर नाही, तो काढावा.

तोल हा हिशेबाचा भाग. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा रोज पाहणाऱ्या शहराला हे वेगळं सांगायला नको. वजनाचा मध्य तळपट्टीच्या आत, कडेपासून पुरेसा लांब पडायला हवा. सोपा उपाय असा की शिल्प कडीला टांगावं, कडीतून ओळंबा सोडावा आणि तळावर खूण करावी. खूण मधल्या तिसऱ्या हिश्शात नसेल तर तळ वाढवावा किंवा पायाला जड बीड लावावं. आठ मिलिमीटरची मीटरभर चौरस प्लेट सुमारे ६३ किलो भरते, तिचाच आधार मोठा असतो. चार फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये आधी बसवून, प्लेट खाली नटांवर लेव्हल करून मग वर आवळावी. लोक शिल्पावर चढणार, मुलं लोंबकळणार, हे गृहीत धरावं. जिथे हात पोचतो तिथल्या सगळ्या कडा गोल घासाव्यात.

पावसात काय होईल याचा विचार जुळणीच्या वेळीच हवा. पाणी जिथे साठेल अशा प्रत्येक खोलगट जागेत दहा मिलिमीटरचं भोक. टायर वापरला असेल तर त्यातही, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास होते. पाइपाची टोकं एकतर पूर्ण बंद, नाहीतर नीट उघडी. अर्धवट बंद पाइप आतून कुजतो. तांबं आणि लोखंड ओलाव्यात भिडले तर लोखंड झपाट्याने जातं, ॲल्युमिनिअम आणि लोखंड भिडले तर ॲल्युमिनिअम. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. गंजाचा तांबडा रंग आवडतो म्हणून त्यावर थेट क्लिअर लॅकर मारण्याची पद्धत आहे, ती उघड्यावर टिकत नाही. ओल कडेने आत शिरते आणि लॅकर पापुद्र्यासारखं सुटतं. घरात ठेवायच्या कामाला अळशीचं उकळलेलं तेल किंवा मेण चालतं. तेलाचे बोळे मात्र पाण्यात भिजवून टाकावेत, गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेतात. बाहेरच्या कामाला आधी केरोसीन, मग डिटर्जंटने चिकटपणा काढावा, वायर ब्रश, फॉस्फॉरिक ॲसिडवर आधारलेला रस्ट कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. साखळीच्या कड्यांतलं ग्रीस राहिलं तर रंग तिथूनच सुटतो, म्हणून साखळी एक रात्र केरोसीनमध्ये बुडवून ठेवावी.

पैशाचं आणि नावाचं बोलायला लोक संकोचतात. भंगार किलोवर घेतलं जातं, पण शिल्पकार ढीग उपसून निवडून घेतो, भंगारवाल्याचा वेळ खातो. त्या दिवसाच्या भावापेक्षा जास्त द्यावं, आणि उपसलेलं परत लावून ठेवावं. ज्या वेल्डरने टाके मारले, ज्या टर्नरने शाफ्ट कापला, ज्या बाईने कातड्याचे तुकडे निवडून दिले, त्यांना विचारून त्यांची नावं शिल्पकाराच्या नावाखाली त्याच पट्टीवर कोरावीत. पट्टीवर सामानही लिहावं: कुठला गिअर, कुठल्या प्रकारच्या पॅटर्नचं लाकूड, कुठली साखळी. शहराच्या चौकात उभ्या राहणाऱ्या कामाला ही माहिती हवीच. पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला कुठला रॉड घ्यायचा हे त्यावरून कळेल.

दुरुस्ती तर लागणारच, आणि तिची तरतूद काम घेतानाच करारात लिहून घ्यावी. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात एक दिवस राखून ठेवावा. पाणी जाण्याची भोकं तारेने साफ करावीत, कारण पानं आणि गाळ आधी तिथेच अडकतात. फाउंडेशनचे नट पान्याने तपासावेत. सांध्यांवर हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा, बद्द वाजलेल्या जागी खडूने खूण करावी. गंजाचा ओघळ दिसला तर तो जिथून सुरू होतो तिथे, म्हणजे बहुतेक वेळा वरच्या एखाद्या फटीत, रंग खरवडून पाहावं. टाका फाटला असेल तर जुना टाका पूर्ण काढून, धातू चकाकेपर्यंत घासून नवा मारावा. जुन्यावर नवा चढवला तर आतला गंज तसाच राहतो. ती जागा पूर्ण कोरडी करून लगेच प्रायमर लावावा.